‘रोमँटिक सस्पेन्स’ला मराठीत काय म्हणावं?

निशिगंध : वाचनमंडळासाठी डाफ्ने द्यू मोरिएच्या ‘रिबेका’ (१९३८) या कादंबरीचा परिचय लिहिते आहे. प्रकार म्हणून ‘रहस्यकथा’ लिहिलं, तर एकीने हटकलं, यात डिटेक्टिव्ह कुठे आहे? मॅक्झिम द विंटरची दुसरी बायको म्हणून त्याच्या मँडरली या वाड्यात आलेली मुलगी लिहायच्या टेबलाशी बसलेली असते. घरातलाच फोन वाजतो, ‘मिसेस द विंटर?’ अशी विचारणा होते, आणि ही सांगते की त्यांना, म्हणजे पहिल्या बायकोला, रिबेकाला, जाऊन वर्ष उलटलं. आता मिसेस द विंटर आपणच, हे तिच्या लक्षातच येत नाही! यात रहस्य काहीच नाही, तरी जीव वरखाली होतो. त्याला शब्द हवाय.

टाकदौत : ‘उत्कंठाकथा’. उत् + कंठ, मान उंच करून वाट बघणं. संस्कृतात ही ओढ बहुतेकदा प्रियजनाची. काव्यशास्त्रातल्या अष्टनायिकांमधली, प्रियकराच्या विरहात झुरणारी विरहोत्कंठिता आठवा. प्रेम आणि घोर दोन्ही एकाच शब्दात आले. आयता शब्द घरात असताना उसनवारी कशाला?

कोरा कागद : घरात आहे, पण आज उत्कंठा लागते ती निकालाची नाहीतर अंतिम सामन्याची. विरहोत्कंठिता किती जणांना आठवणार? माझी आजीसुद्धा ‘सस्पेन्स फोडू नकोस’ म्हणायची. तो शब्द केव्हाच मराठी झाला.

टाकदौत : आजी ‘जीव टांगणीला लागला’ असंही म्हणत असेलच. सस्पेन्सच्या लॅटिन मुळातही टांगणंच आहे. मग आपली टांगणी काय वाईट?

आरस्पानी : बाबूराव अर्नाळकरांमुळे ‘रहस्यकथा’ म्हटलं की त्यांचा नायक झुंजार डोळ्यांपुढे येतो, रत्नाकर मतकरींमुळे ‘गूढकथा’ म्हटलं की काहीतरी अतींद्रिय. ‘रिबेका’त भूत नाही. भुताचं सगळं काम घराची कारभारीण मिसेस डॅन्व्हर्स करते, मेलेल्या मालकिणीची खोली, कपडे, ब्रश जसेच्या तसे राखून. शिवाय ‘रोमँटिक’बद्दल कुणीच बोलत नाहीये. खुद्द लेखिकेच्या लेखी ही मत्सराची गोष्ट होती. दुसरीने पहिलीला कधी पाहिलेलंही नाही, तरी तिच्या अक्षरातला उंच, तिरका ‘आर’ दिसला तरी तिला धसका बसतो. मी तर ‘धास्ती’ म्हणेन.

निशिगंध : ‘धास्ती’त प्रेम हरवतं. मॅक्झिमचं हिच्यावर प्रेम आहे की नाही, हाच तर तिचा आणि आपला प्रश्न! उत्तर मिळतं तेव्हा त्याच प्रसंगात रिबेकाच्या खुनाची त्याची कबुलीही येते, आणि त्याचं रिबेकावर प्रेम नव्हतं हे ऐकून आपल्याला हायसं वाटतं. खून ऐकून हायसं! हे दुसऱ्या कुठल्या पुस्तकाने माझ्याकडून करून घेतलेलं नाही.

कोरा कागद : हिचकॉकच्या चित्रपटात (१९४०) मात्र तो अपघात आहे. बायकोचा खून करून नवरा मोकळा सुटलेला दाखवणं हॉलिवूडच्या तेव्हाच्या संहितेत, म्हणजे चित्रपटात काय दाखवावं याच्या नियमांत, बसत नव्हतं.

आरस्पानी : तिथेच तो मिळमिळीत झाला. पुस्तकातली ती बुजरी मुलगी खुनी नवऱ्याच्या पाठीशी जाणूनबुजून उभी राहते, आणि त्या क्षणी मोठी होते. अपघात म्हटलं की तिला निवड करायची वेळच येत नाही.

टाकदौत : साफ अमान्य. निर्दोष माणूस फासावर जाईल ही भीती काय कमी आहे? आणि निशिगंध, परिचयात त्या कबुलीबद्दल एक अक्षरही लिहू नका.