ओमानला काय म्हणायचं: मध्यस्थ, लवाद, तटस्थ की दूत?

धुळेकर: इराणच्या अणुकार्यक्रमावरून इराण आणि अमेरिकेत २०२५ मध्ये झालेल्या बोलण्यांविषयी मराठीत वाचताना ओमानसाठी कधी ‘मध्यस्थ’, कधी ‘लवाद’, कधी ‘तटस्थ देश’, तर कधी ‘दूत’ असे शब्द दिसतात. भाषांतर करताना नेमका कोणता धरावा? त्यात ‘मध्यस्थ’ म्हटलं की आपल्याकडे आधी प्लॉटचा एजंट आठवतो. जाहिरातीत ‘मध्यस्थ क्षमस्व’ छापलेलं असतं तोच.

भुसावळ जंक्शन: लवाद आधी बाजूला काढा भाऊ. लवाद निवाडा देतो आणि तो दोघांना बांधून ठेवतो. कच्छच्या रणाचा वाद घ्या. तिघांचं लवाद मंडळ होतं. भारताने युगोस्लाव्हियाचा माणूस नेमला, पाकिस्तानने इराणचा, अध्यक्ष स्वीडनचे. १९ फेब्रुवारी १९६८ ला निवाडा आला. वादातल्या भागापैकी साधारण दहावा हिस्सा पाकिस्तानला गेला. इथे टीका झाली, पण निवाडा पाळला गेला. ओमानला असा अधिकार कुणी दिलेला नाही.

हा घोळ बराचसा हिंदीतून येतो. १९९६ च्या कायद्याचं हिंदी नाव ‘माध्यस्थम् और सुलह अधिनियम’. तिथलं माध्यस्थम् म्हणजे आपला लवाद. आपण ज्याला मध्यस्थी म्हणतो त्याच्या २०२३ च्या कायद्याला हिंदीत ‘मध्यकता अधिनियम’ म्हणतात. हिंदी मजकुरावरून घाईत मराठी करणारा इथे हमखास घसरतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ३३ व्या कलमातही वाटाघाटी, चौकशी, मध्यस्थी, समेट, लवाद, न्यायालयीन निवाडा हे सगळे वेगवेगळे मोजलेत.

तापीकाठ: शब्द ठरवण्याआधी ओमानने काय केलं ते बघा. १२ एप्रिल २०२५, मस्कत. दोन्ही शिष्टमंडळं वेगवेगळ्या खोल्यांत बसली आणि ओमानचे परराष्ट्रमंत्री बद्र अल् बुसैदी निरोप घेऊन ये-जा करत होते. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दलाल रुमालाखाली एकाची बोटं दाबून दुसऱ्याकडे जातो, तसाच प्रकार. पण दलालाला सौदा झाला की दलाली मिळते. इथे मिळतं ते दोन्हीकडे दार उघडं राहणं, आणि शेजारी पेटला तर झळ आपल्यालाही बसणार म्हणून हे करावंच लागतं. नकाशात होर्मुझची सामुद्रधुनी पाहा, एका काठाला इराण, दुसऱ्याला ओमानचा मुसंदम.

दुसरी फेरी १९ एप्रिलला रोममध्ये झाली, पण ओमानच्याच राजदूताच्या निवासस्थानी. म्हणजे गाव इटलीचं, मध्यस्थ ओमानच. म्हणून ‘यजमान’ आणि ‘मध्यस्थ’ एकमेकांच्या जागी लिहू नयेत. ‘दूत’ तर नकोच, दूत एका बाजूचा असतो.

आणखी एक खाच. अमेरिका ‘थेट बोलणी’ म्हणत होती, इराण ‘अप्रत्यक्ष’ म्हणत होता. मस्कतला १२ एप्रिलला निघताना दोन्ही शिष्टमंडळांचे प्रमुख काही मिनिटं समोरासमोर बोलले, त्यामुळे दोघांनाही आपापला शब्द राखता आला. बातमीत यातला एकच शब्द आपल्या पदरचा घातला तर तुम्ही नकळत एका बाजूला जाऊन बसलात. कोण काय म्हणतंय ते नावानिशी लिहावं.

चोपडेकर ताई: ‘तटस्थ’लाही माझी हरकत आहे. तटस्थ म्हणजे काठावर उभा. ओमानसारखाच मध्ये पडणारा कतार कुठल्या काठावर उभा आहे? अल् उदैदला अमेरिकेचा मोठा हवाई तळ, दोह्यात हमासचं राजकीय कार्यालय, २०१३ पासून तालिबानचंही, आणि समुद्रातलं वायूक्षेत्र इराणबरोबर सामाईक. हा काठावरचा माणूस नव्हे. विरोधक म्हणतात तसं ‘दोन्ही डगरींवर हात’ म्हणा हवं तर, पण त्यात दोष देण्याचा सूर आहे, तो बातमीत नको. गंमत अशी की काम होतं ते त्या दोन हातांमुळेच. २९ फेब्रुवारी २०२० चा अमेरिका-तालिबान करार दोह्यात झाला, कारण तालिबानला गाठायचा पत्ता तिथे होता.

धुळेकर: मग ‘शिष्टाई’ कशी वाटते? भारदस्त आहे.

भुसावळ जंक्शन: भारदस्त आहे, पण कृष्ण हस्तिनापुरात गेला तो पांडवांकडून. कृष्णशिष्टाईत मधला कुणी नव्हता. एखादा देश स्वतःच्या कामासाठी माणूस पाठवतो तेव्हा शिष्टाई शोभते. आपल्या अहिराणीत म्हणतात तसं, मधल्याले दोन्हीसनं आयकनं लागस.

तापीकाठ: नॉर्वेने श्रीलंकेत स्वतःला मध्यस्थसुद्धा म्हणवून घेतलं नाही, ‘बोलणी घडवून आणणारा’ एवढंच. तोडगा सुचवायचा नाही, दोघांना टेबलाशी आणायचं. फेब्रुवारी २००२ मध्ये सरकार आणि एलटीटीई (तमिळ बंडखोर संघटना) यांच्यात युद्धविराम झाला, देखरेखीला उत्तर युरोपातल्या पाच नॉर्डिक देशांची माणसं आली. २००६ मध्ये युरोपीय संघाने एलटीटीईला दहशतवादी यादीत टाकलं आणि तिथेच बिनसलं. एलटीटीईने स्वीडन, फिनलंड, डेन्मार्कची माणसं नकोत म्हटलं, कारण ते संघाचे सदस्य. उरले नॉर्वे आणि आइसलँड. निरीक्षक घटले, आणि जानेवारी २००८ मध्ये सरकारने युद्धविरामच संपवला. ‘सुविधाकर्ता’ हा शब्द मला सरकारी परिपत्रकातला वाटतो, पण दुसरा सुटसुटीत सापडत नाही.

चोपडेकर ताई: एक प्रकार राहिला. संबंध तुटले की तिसरा देश तुमचं कामकाज बघतो. इराणमध्ये अमेरिकेचं काम १९८० पासून स्वित्झर्लंडकडे आहे. १९७१ च्या युद्धानंतर भारताचं पाकिस्तानातलं आणि पाकिस्तानचं भारतातलं, दोन्ही कामं स्वित्झर्लंडच पाहत होता. १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या ४५ व्या कलमात याची तरतूद आहे. ज्याच्या भूमीवर काम करायचं त्या देशाला तो तिसरा देश मान्य असावा लागतो. वकिलातीची इमारत आणि कागदपत्रं सांभाळणं, अडकलेल्या नागरिकांची चौकशी करणं, गरज पडली तर निरोप पोचवणं, एवढं काम. वाटाघाटी त्यात येत नाहीत, म्हणून इथे ‘मध्यस्थ’ चूक. मी ‘हितरक्षक देश’ लिहिते.

भुसावळ जंक्शन: ताई, ‘हितरक्षक’ वाचून स्वित्झर्लंड अमेरिकेच्या बाजूने उभा आहे असं वाटतं. ‘कामकाज पाहणारा देश’ लांब आहे, पण त्यात बाजू घेतल्याचा वास नाही.