मदत हवी आहे: १/३५० कॉर्व्हेटच्या डायोरामासाठी (छोट्या देखाव्यासाठी) खवळलेला समुद्र कसा करावा?

नमस्कार मंडळी,

फ्लॉवर वर्गातली कॉर्व्हेट (काफिल्यांना सोबत करणारी लहान युद्धनौका) १/३५० प्रमाणात जोडून, रंगवून तयार आहे. पांढऱ्यावर फिका निळा आणि फिका हिरवा, म्हणजे वेस्टर्न अ‍ॅप्रोचेसची (ब्रिटनच्या पश्चिमेकडच्या समुद्राची) रंगसंगती. मॉडेल पूर्ण बुडाचं आहे, वॉटरलाइनला (पाण्याच्या पातळीला) सपाट कापलेलं नाही. आता तिच्याखाली उत्तर अटलांटिक हवा आहे आणि तिथेच अडलोय.

ही जहाजं खरोखर लहान होती. लांबी सुमारे ६२.५ मीटर, रुंदी १० मीटर, एकच पंखा (पाणी ढकलणारा प्रोपेलर), जास्तीत जास्त वेग १६ नॉट. एवढ्याशा जहाजांनी दुसऱ्या महायुद्धात मालवाहू काफिल्यांना भर हिवाळ्यात सोबत केली. ओल्या गवतावरसुद्धा ही डोलेल, असं त्यांच्यावरचे खलाशी म्हणत. म्हणून शांत पाण्यात तिला ठेवणं मला पटत नाही. ब्यूफोर्ट ६ किंवा ७ चा वारा (ब्यूफोर्ट म्हणजे वाऱ्याचा जोर सांगणारी मोजपट्टी), समोरून येणारी लाट आणि त्यावर चढणारी नाळ (जहाजाचं पुढचं टोक), असं दृश्य डोक्यात आहे. पाया साधारण ३० बाय २० सेंटिमीटरचा.

वेगळ्या तुकड्यांवर चाचण्या घेतल्या आहेत. रंग मिसळलेलं पारदर्शक इपॉक्सी रेझिन ओतलं की सुंदर चमकतं, पण जहाज समुद्रात नाही, काचेच्या टाकीत ठेवल्यासारखं दिसतं. शिवाय रेझिन कडेने हलवर (जहाजाच्या बाहेरच्या अंगावर) चढतं आणि भोवती चकचकीत कड तयार होते. चुरगळलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलवर अ‍ॅक्रिलिक जेल मीडियमचा (सुकल्यावर पारदर्शक होणाऱ्या घट्ट लेपाचा) थर दिला, तर मंद वाऱ्यातलं पाणी छान जमतं, पण मोठी लाट काही होत नाही. एक्सट्रुडेड फोम कोरून त्यावर टिश्यू पेपर आणि पातळ केलेला पांढरा गोंद, ही पद्धत मला सगळ्यात आशादायक वाटते. पण लाटा उंच केल्या की सगळं डोंगराळ दिसायला लागतं, का ते कळत नाही.

लाटांचा आकार नेमका कसा ठरवायचा? पाणी पारदर्शक ठेवायचं की अपारदर्शक रंगवायचं? आणि हल व पाण्याचा सांधा दिसू नये म्हणून काय करता? फेसाबद्दलही सांगा, कापूस लावला की त्याचे तंतू दिसतात.

प्रतिसाद १

डोंगराळ दिसण्याचं कारण उंचीत नाही, लांबीत आहे. ब्यूफोर्ट ६ ला लाटेची उंची साधारण ३ मीटर, ७ ला ४ मीटर. तुमच्या प्रमाणात हे ८.५ आणि ११.५ मिलिमीटर, म्हणजे तसं काहीच नाही. पण पाण्याची लाट हवी तितकी उभी होऊ शकत नाही. उंची लांबीच्या साधारण एक सप्तमांशावर गेली की ती फुटते. म्हणजे ३ मीटरची लाट अगदी टोकाच्या स्थितीतही २१ मीटरपेक्षा आखूड असणार नाही. ते झाले ६ सेंटिमीटर. खुल्या समुद्रातल्या लाटा याहून कितीतरी लांब असतात, त्यातली एखादी तुमच्या १८ सेंटिमीटरच्या जहाजाएवढी लांब असली तरी चालेल. ३० सेंटिमीटरच्या पायावर मोठ्या लाटा दोन, फार तर तीन. बाकी सगळी लहान खळबळ या मोठ्या लाटांच्या पाठीवर चढवायची. आपण हातासरशी बोटभर अंतरावर टेकाडं कोरत जातो आणि पाणी शेतातल्या ढेकळांसारखं दिसू लागतं.

लाटेचे दोन्ही उतार सारखेही करू नका. वाऱ्याकडची बाजू लांब आणि सौम्य, वाऱ्याच्या आडोशाची बाजू तुलनेने उभी. माथा किंचित टोकदार, मधली खोलगट जागा रुंद आणि सपाट. यानेच बरंचसं काम होतं.

जहाजाच्या स्वतःच्या लाटांचं गणित वेगळं. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांनी १८८७ मध्ये दाखवलं की खोल पाण्यात जहाजामागचा लाटांचा पाचर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सुमारे १९.५ अंशांचाच असतो, वेग काहीही असो. हा कोन कागदावर आखून पायाखाली ठेवा. हलला लागून येणाऱ्या आडव्या लाटांची लांबी मात्र वेगावर ठरते. समोरची लाट झेलताना जहाज १२ नॉटने चाललंय असं धरलं, तर ती २४ मीटर येते, तुमच्याकडे ७ सेंटिमीटर. म्हणजे पहिला उंचवटा नाळेपाशी, मग साधारण दर ७ सेंटिमीटरला एक. मात्र ब्यूफोर्ट ७ ला हा नमुना वाऱ्याच्या लाटांत पुष्कळ हरवतो, तेव्हा हलक्या हातानेच सुचवा.

प्रतिसाद २

पारदर्शकतेबद्दल माझं मत ठाम आहे: खोल समुद्राला जाड रेझिन नको. वरून सरळ पाहिलं तर पाणी पृष्ठभागावरून जेमतेम २ टक्के प्रकाश परत पाठवतं, पण नजर जितकी तिरकी, तितकं परावर्तन वाढत जातं. जहाजाचा फोटो बहुधा तिरक्या नजरेनेच काढलेला असतो, त्यामुळे समुद्राचा रंग म्हणजे मोठ्या प्रमाणात आकाशाचा रंग. ढगाळ अटलांटिकसाठी गडद राखाडी-हिरवा तळ अपारदर्शक रंगवा, आकाशाकडे तोंड केलेल्या उतारांवर फिकट राखाडी ओढा आणि फक्त माथ्याजवळ, जिथे पाणी पातळ होऊन उजेड आरपार येतो, तिथे थोडा काचेरी हिरवा द्या. मग चकचकीत जेलचे पातळ थर. जेल जाड लावलं तर आत पाणी अडकतं आणि मध्ये दुधाळपणा राहतो. एक थर पूर्ण पारदर्शक झाल्याशिवाय दुसरा देऊ नका.

फेसासाठी कापूस सोडून द्या. जेलमध्ये काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे मिसळून ओली पेस्ट करा आणि जुन्या ब्रशने टिपके मारत माथ्यावर बसवा. (ही पूड हवेत उडते, मिसळताना मास्क वापरा.) शुद्ध पांढरा फक्त नुकत्याच फुटलेल्या माथ्यावर, जुना फेस राखाडीकडे झुकणारा. ब्यूफोर्ट ७ ला वारा फेसाच्या रेघा काढू लागतो आणि त्या सगळ्या वाऱ्याच्या दिशेने असतात. या रेघा वेड्यावाकड्या झाल्या की पाहणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

पंख्यामागचा पट्टा विसरू नका. एकच पंखा, त्यामुळे एकच पट्टा, सुरुवातीला हलच्या रुंदीएवढा, म्हणजे तुमच्याकडे ३ सेंटिमीटरच्या आत. बुडबुड्यांमुळे तो फिकट हिरवट आणि भोवतीच्या पाण्यापेक्षा गुळगुळीत दिसतो, कारण घुसळलेल्या पाण्यात लहान लाटा दबतात.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. लांबीचा मुद्दा वाचून चाचणीच्या तुकड्यावर मोजपट्टी लावली, तर माझ्या टेकाडांमधलं अंतर ३ सेंटिमीटर निघालं. आता पायावर दोनच मोठ्या लाटा आखतो. जहाज आधी चिकटवून भोवती पाणी करायचं, की पाणी पूर्ण करून मग बसवायचं? नाळ वर उचललेली असेल तर बुडाचा लाल रंगही थोडा दिसायला हवा, आणि त्या जागी रंग खराब होण्याची धास्ती आहे.

प्रतिसाद २

पाणी आधी. फोममध्ये हलच्या आकाराची खाच कोरा आणि जहाज नाळ दोन-तीन अंश वर करून बसतंय का ते पाहा. हलला स्वयंपाकघरातली चिकटणारी पातळ प्लास्टिक फिल्म घट्ट गुंडाळा, खाचेत ठेवा आणि टिश्यू-गोंदाचा थर अगदी तिला टेकवून द्या. सुकल्यावर जहाज उचला, फिल्म काढा आणि समुद्र निवांत रंगवून घ्या. जहाज कायमचं बसवल्यावर राहिलेली केसाएवढी फट बारीक ब्रशने जेल भरून बुजवा. इपॉक्सीसारखं हे वर चढत नाही, जिथे ठेवाल तिथेच राहतं. नाळेवरून उडणारं पाणी त्यानंतर, सगळ्यात शेवटी करा, नाहीतर फट भरताना ब्रश लागून ते मोडेल. आणि लाल पट्टा दिसणार असेल तर त्यावर चकचकीत वार्निशचा एक हात द्या. नुकताच पाण्यातून वर आलेला भाग ओलाच असणार.