वॅट नंतर, आधी गुरगुर

हॉर्न स्पीकरला 300बी या व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळीच्या) अँपचे 8 वॅट पुरणार नाहीत, 40 वॅटचा पुश-पुल (व्हॉल्व्हच्या जोडीवर चालणारा) अँपच घ्या, असा सल्ला दिला जातो, तो मला पटत नाही. 104 डीबीचा, म्हणजे 1 वॅटवर एक मीटरला तेवढा आवाज देणारा हॉर्न 8 वॅटवर एक मीटरला 113 डीबीच्या आसपास जातो. घरातल्या खोलीला ते फार झालं.

खरी अडचण गुरगुरीची, म्हणजे विजेमुळे स्पीकरमधून सतत येणाऱ्या 'हम्'ची. अँपच्या आउटपुटला 1 मिलिव्होल्ट गुरगुर असेल तर 8 ओहमच्या अशा हॉर्नवर ती 35 डीबी होते. 84 डीबीच्या साध्या बॉक्स स्पीकरवर तीच 15, कानाला लागतही नाही. 300बी, 2ए3 या व्हॉल्व्हमध्ये फिलामेंटच (तापणारी तारच) कॅथोडचं, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडण्याचं काम करते, त्यामुळे तिला एसी दिला की गुरगुर थेट गाण्यात उतरते. मी माझ्या 2ए3ची फिलामेंट डीसीवर घेतली. मग लातुरातल्या उन्हाळी रात्री कूलर बंद करून मालकंस लावला, तर दोन आलापांच्या मधे फक्त तानपुरा होता! पैसे देण्याआधी अँपचं इनपुट शॉर्ट करा, आउटपुटला 8 ओहमचा रेझिस्टर लावा आणि मल्टिमीटरवर एसी मिलिव्होल्ट मोजा. शिवाय आमच्याकडे रात्री लोड उतरला की व्होल्टेज 250च्या वर चढतं, तेव्हा स्टॅबिलायझरचे पैसे त्याच बजेटमध्ये धरा.