समुपदेशनाच्या दोन भेटींच्या मधल्या दिवसांत ॲपचा उपयोग होतो का?

प्रश्न (रेल्वे लाइन्स, सोलापूर):
माझे वडील लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. गड्डा यात्रेतील शोभेच्या दारूकामाचा आवाज होम मैदानावरून आला, की ते दारे-खिडक्या लावून बसतात आणि पुढे कित्येक रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागत नाही. अलीकडे ते समुपदेशनाला जातात. परंतु मधल्या दिवसांत काय घडले असे विचारले, की ‘सगळे ठीक आहे’ एवढेच सांगून गप्प होतात. फोनवरील ॲपने यात काही मदत होईल का?

उत्तर (मानसोपचार क्षेत्रातील कार्यकर्ती):
होईल, मात्र समुपदेशनाला जोड म्हणून, त्याऐवजी नव्हे. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने २०११ साली ‘पीटीएसडी कोच’ हे मोफत ॲप आणले (पीटीएसडी म्हणजे भीषण प्रसंगानंतर मनावर राहणाऱ्या आघाताचा विकार). त्यात त्या क्षणीची अस्वस्थता शून्य ते दहा अशी नोंदवता येते आणि लगेच श्वसनाचा किंवा शरीर सैल सोडण्याचा एखादा सराव समोर येतो. रात्री दोन वाजता केलेली अशी नोंद पुढच्या भेटीत समुपदेशकासमोर ठेवली, तर ‘सगळे ठीक आहे’ यापलीकडचे बोलणे सुरू होऊ शकते, आणि माझ्या मते ॲपचा खरा उपयोग हाच आहे. त्याच खात्याच्या ‘पीई कोच’मध्ये (पीई म्हणजे टाळलेल्या आठवणी आणि प्रसंगांना टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याचा उपचार) उपचाराचे सत्र ध्वनिमुद्रित करून घरी ऐकण्याची सोय आहे, ते मात्र समुपदेशकाच्या देखरेखीखालीच वापरायचे असते.

उत्तर (निवृत्त हवालदार):
इंग्रजी अडत असेल, तर आकडा आणि वेळ वहीत मराठीत लिहिली तरी काम भागते. दुसरे असे, की वडिलांच्या नोंदी घरच्यांनी त्यांच्या माघारी उघडून पाहू नयेत. आपण सैनिक मुळातच मन मोकळे करायला कचरतो, त्यात हा विश्वास गेला तर सारेच थांबेल. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटल्यास ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे, आणि सशस्त्र दलांसाठी त्याचा स्वतंत्र कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला आहे.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. भीती मोडावी म्हणून येत्या जानेवारीत त्यांना दारूकाम पाहायला नेऊ का?

उत्तर (मानसोपचार क्षेत्रातील कार्यकर्ती):
कृपया स्वतःहून नेऊ नका. कोणत्या आवाजाला, किती अंतरावरून आणि केव्हा सामोरे जायचे, याच्या पायऱ्या समुपदेशक आणि वडील मिळून ठरवतील. यात्रेला अवकाश आहे तोवर हा विषय पुढच्याच भेटीत काढा.