मदत हवी आहे : १५ वर्षांपूर्वीचे स्तन-इम्प्लांट बदलावे की काढून टाकावे?

मी जळगावची, वय ५२. २०१० साली दोन्ही बाजूंना गुळगुळीत पृष्ठभागाचे सिलिकॉन इम्प्लांट बसवले होते (कर्करोग नव्हता). वर्षभरापासून डावी बाजू घट्ट होऊन दुखू लागल्याने येथे सोनोग्राफी आणि नंतर नाशिकला एमआरआय केला. डावे इम्प्लांट फुटले असून सिलिकॉन शरीराने इम्प्लांटभोवती तयार केलेल्या आवरणातच आहे, उजवे शाबूत आहे, असे निदान झाले. मॅमोग्राफीत दोष नाही. मधुमेह गोळ्यांनी आटोक्यात आहे.

एक सर्जन दोन्ही बदला म्हणतात, दुसरे आवरणासह दोन्ही काढा म्हणतात. इम्प्लांट जन्मभर टिकत नाहीत, म्हणजे आता बदलले तरी पासष्टीच्या सुमारास पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते, हा विचार मला काढण्याकडे ओढतो. मात्र नंतर त्वचा सैल पडून आकार कसा राहील, याची मनापासून धास्ती वाटते. खर्चाची तरतूद आहे, पण घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असल्याने नाशिक-मुंबईला फार दिवस राहता येणार नाही.

ज्या भगिनींनी इम्प्लांट काढले, त्यांनी स्तन उचलण्याची शस्त्रक्रिया त्याच वेळी करून घेतली की काही महिने थांबून, आणि जखमेतील स्राव बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या निघून रेल्वेने घरी परतायला किती दिवस लागले?