सकाळी विदर्भ, रात्री विदर्भ, मधला दिवस मुंबईचा

दादा: आम्ही सहा दोस्त शुक्रवारी पुलगावहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबईले जाऊन राहिलो. शनिवारी सकाळी उतरायचं, दिवसभर फिरायचं, खायचं अन् रात्रीच्याच विदर्भने वापस. लॉज करायचा नाही. चौघं मासे-मटण खातात, दोघं शाकाहारी, एकाचे गुडघे दुखतात. भाऊजी, ताई, मामा, दिवस कसा बसवायचा ते सांगा.

मामा: परतीचं तिकीट विदर्भचंच आहे ना? सेवाग्राम असेल तर आजच बदल. ती सीएसएमटीहून दुपारी तीनच्या सुमारास निघते, अर्धा दिवस तिथंच जातो.

दादा: विदर्भचंच आहे मामा, सहाही कन्फर्म.

मामा: मग सकाळी सातपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत वेळ तुमचा. गाडी सातच्या आसपास सुटते, नेमकी वेळ तिकिटावर बघून घे. सकाळी येताना कल्याणच्या पुढे लोकलच्या वर्दळीत गाडी रेंगाळते, तेव्हा हिशेब साडेसातपासून धर. दादरला उतरू नका, शेवटपर्यंत बसा. फिरायचं सगळं सीएसएमटीच्याच बाजूला आहे.

सामान क्लोकरूमला ठेवा. तिथे बॅगेला कुलूप लागतं, नुसती चेन ओढलेली बॅग घेत नाहीत. तिकीट आणि ओळखपत्र दाखवावं लागतं. सहा बॅगा नेऊ नका, दोन मोठ्यांत सगळ्यांचं भरा. पावती दोघांच्या मोबाईलवर फोटो काढून ठेवा. संध्याकाळी बॅगा सोडवायला रांग असते, तिचे वीस मिनिटं वेगळे ठेवा.

ताई: अंघोळ-तोंड धुणं प्रतीक्षालयातच उरकून घ्या, आणि सहा जणांचे पाऊण तास धरा. पुढे गेटवेहून घारापुरीला (एलिफंटा बेटाला) जायच्या लाँचवर, म्हणजे मोटारबोटीवर, शौचालयाचा भरवसा धरू नका, आणि जाणं एक तासाचं असतं.

दादा: गेटवे, घारापुरी, म्युझियम, मरीन ड्राइव्ह, हाजी अली, सिद्धिविनायक, जुहू. एवढं होईल?

भाऊजी: नाही होणार. हाजी अली, सिद्धिविनायक, जुहू काढून टाका. ती तिन्ही ठिकाणं उत्तरेकडे एका ओळीत आहेत, त्यांचा दिवस वेगळा. एका दिवसात दोन्ही टोकं धरली की चार-पाच तास टॅक्सीतच जातात आणि जेवण कुठेतरी सिग्नलजवळ उरकावं लागतं. तुम्ही बंदराचं शहर बघायला चालले, तर बंदराची बाजू नीट बघा. घारापुरी सोडली तर ती सगळी सीएसएमटीपासून तीन किलोमीटरच्या आत आहे.

शनिवार निवडला ते बरं केलं. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात.

काकाजी: पाण्याचं काय? ओहोटीले नाव चालते का?

भाऊजी: चालते काकाजी, पण चढता-उतरताना फरक पडतो. ओहोटीला गेटवेच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांच्यावर शेवाळ असतं. चप्पल घातलेला माणूस तिथेच घसरतो. मागे पट्टा असलेले सँडल किंवा बूट घाला, आणि खलाशी हात देतो तो धरूनच पाय टाका.

वेळ काढायची कोळ्यांची रीत तुम्हाला आवडेल. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ निघते. अष्टमी म्हणजे आठ पाऊण सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे बाराच्या आसपास. पुनवेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. तासाभराचा फरक पडू शकतो, पण दिवस ठरवायला पुरतं. रोज भरती जवळपास ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून हे गणित जुळतं.

काकाजी: शनिवारी अष्टमीच हाये. पंचांग पाहून सांगून राहिलो.

भाऊजी: मग चांगलंच. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, चढ-उतार कमी. अमावास्या-पुनवेला उधाण येतं, तेव्हा पाणी फार वर चढतं आणि तितकंच खाली जातं. उधाणाच्या दिवसांत ओहोटी संध्याकाळी पाच-सहाला येते, आणि शेवटच्या लाँचने परतणाऱ्यांना नेमक्या त्याच निसरड्या पायऱ्या मिळतात. तुम्हाला ती अडचण नाही.

वहिनी: गुडघेवाल्या भाऊंना घारापुरी जमेल का? नाही तर त्यांना म्युझियममध्ये बसवा.

ताई: जमेल, घाई नको फक्त. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत लांब जेटी आहे, तिथे छोटी गाडी चालते, तिचं तिकीट घ्या. पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. पायऱ्या रुंद आहेत, दोन्ही बाजूंनी दुकानं आणि वर छप्पर, म्हणून ऊन लागत नाही. फारच त्रास झाला तर डोलीवाले असतात. भाव खालीच ठरवायचा, जाऊन-येऊन मिळून किती ते स्पष्ट बोलून.

माकडं हातातलं हिसकतात. रंगीत पाण्याची बाटली आणि चिप्सचं पाकीट उघडं धरलं की गेलंच. खाणं पिशवीत, पिशवी पुढे छातीशी.

दादा: तिकिटं कोणती कोणती लागतात?

ताई: तीन. लाँचचं जाऊन-येऊन तिकीट गेटवेच्या खिडकीवर, ते परत येईपर्यंत सांभाळायचं, येताना बघतात. वरच्या मजल्यावर बसायचे थोडे पैसे लाँचवरच वेगळे घेतात. बेटावर उतरल्यावर ग्रामपंचायतीचा कर, तो किरकोळ असतो. आणि लेण्यांचं पुरातत्त्व खात्याचं तिकीट, भारतीयांना ४० रुपये. सुटे आणि नोटा दोन्ही ठेवा, बेटावर नेटवर्क गेलं की मोबाईलचं पेमेंट अडकतं.

लाईफ जॅकेट बसल्या बसल्या मागून घ्या आणि बक्कल लावा. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर मोठा अपघात झाला. सहापैकी पोहणारे किती ते मला माहीत आहे.

भाऊजी: ज्याला गाडी लागते त्याने खालच्या मजल्यावर मध्यभागी बसावं, तिथे हेलकावा सगळ्यांत कमी. नजर लांब क्षितिजावर ठेवावी, मोबाईलमध्ये नाही. नाश्ता हलका.

जाताना बंदर बघायची खरी संधी लाँचवरच आहे. गोद्यांच्या आत सामान्य माणसाला सोडत नाहीत, म्हणून रस्त्यावरून नुसत्या भिंती आणि फाटकं दिसतात. पाण्यातून मात्र नांगर टाकून उभी जहाजं, तेल उतरवायचं जवाहर द्वीप, आणि बेटाजवळ गेल्यावर पलीकडे न्हावा-शेवाच्या कंटेनर उचलणाऱ्या उंच क्रेन दिसतात. ते बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, आणि कंटेनरची बरीचशी वाहतूक तिकडे गेली. हवा स्वच्छ असली तर अटल सेतूही दिसतो. नौदलाच्या जहाजांचे फोटो काढू नका, मनाई आहे.

काकाजी: आपला कापूस याच बंदरातून विलायतेले जाये ना?

भाऊजी: हो काकाजी. मला वाटतं आपल्या पोरांनी मुंबई त्याच नजरेने बघावी. नागपूरपर्यंतची रेल्वे १८६७ मध्ये पुरी झाली, आणि वऱ्हाडच्या गाठी थेट मुंबईला जायला लागल्या. टाऊन हॉलच्या समोर, जिथे आता हॉर्निमन सर्कलची बाग आहे, तिथल्या मोकळ्या मैदानात आधी कापसाच्या गाठी रचलेल्या असत. १८४४ मध्ये तो बाजार कुलाब्याला हलवला. पुढे तो शिवडीकडे गेला, म्हणून हार्बर लाईनवर कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन आहे. सीएसएमटीची इमारत १८७८ ते १८८८ या काळात बांधली, ज्या रेल्वेने कापूस आणला तिचंच ते मुख्य ठाणं.

आणि गाठींचं आणखी एक. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाच्या जहाजाचा स्फोट झाला. त्यात दारूगोळा होता आणि त्याच जहाजात कापसाच्या हजारो गाठी. जिनिंगवाल्यांना सांगायला नको, गाठीला आतून आग लागली की वरून पाणी मारून विझत नाही, धुमसत राहते. तिथे तेच झालं. आग आटोक्यात येईना आणि ती दारूगोळ्यापर्यंत पोहोचली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठीच.

काकाजी: कापूस अन् बारूद एका नावेत. कोणी भरली असेल बाप्पा.

मामा: आता चालायच्या रस्त्यावर या. सीएसएमटी ते गेटवे सकाळी चालतच जा, अडीच किलोमीटर आहे. दादाभाई नौरोजी रस्त्याने हुतात्मा चौक, मग काळा घोडा, मग गेटवे. नऊच्या आत दुकानं बंद असतात, फूटपाथ मोकळा मिळतो आणि इमारतींच्या कमानी वर मान करून बघता येतात. गुडघेवाल्याला एका जणासोबत टॅक्सीने पाठवा. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आहे, मीटरनेच जा. टॅक्सीत चार जणच बसवतात. रिक्षा शोधू नका, त्या भागात रिक्षा चालतच नाहीत.

दादा: ससून डॉकला मासळीचा लिलाव बघायचा होता.

मामा: तो पहाटे असतो, तुम्ही उतरेपर्यंत उरकत आलेला असतो. तिकडे धावू नका. १८७५ची गोदी आहे, बघण्यासारखी आहे, पण त्यासाठी आदल्या रात्री मुक्काम लागतो.

वहिनी: खाण्याचं सांगा आता. सगळे त्याच्यासाठीच चालले.

ताई: सकाळी तर्री-पोहे शोधू नका, तिथले पोहे वेगळे. इराण्याच्या हॉटेलात बसा. ब्रुन मस्का, म्हणजे लोणी लावलेला पाव, आणि चहा. ब्रुन पाव वरून कडक असतो, चहात बुडवूनच खायचा. खिमा-पाव किंवा आम्लेट घ्यायचं तर दोघांत एक, कारण पुढे लाँच आहे. धोबीतलावला कयानी १९०४ पासून आहे, सीएसएमटीहून पायी पंधरा मिनिटं. पण तो रस्ता गेटवेच्या उलट्या बाजूला पडतो, उशीर झाला असेल तर स्टेशनसमोरच वडापाव-चहा घ्या आणि निघा.

दुपारी दोनच्या आत गेटवेला परत यायला हवं. बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर तीन-साडेतीनला बंद होतं. म्हणून बेटावर जेवायचं नाही, नुसतं लिंबूपाणी.

दादा: मासे कोणते मागवायचे? इकडे आपल्याला रोहू-कतलाच माहीत.

ताई: काट्याची भीती असेल त्याने सुरमई घ्यावी, तुकड्यात मधला एकच कणा. पापलेटला काटे कमी, पण महाग, आणि कार्डावर भाव नसतो, आकाराप्रमाणे असतो. मागवण्याआधी मासा बघायचा आणि किंमत विचारायची. बिलावर भांडण नेहमी याच्यावरूनच होतं. बांगडा स्वस्त आणि चवीचा, पण काटे काढायची सवय लागते.

बोंबील आपल्या बाजारात सुका मिळतो, तो वाळवलेला. तिथे ओला खा. त्याच्यात पाणी फार असतं, म्हणून दाबून पाणी काढतात आणि रव्यात घोळवून तळतात. आल्या आल्या खायचा, पाच मिनिटांनी मऊ पडतो. म्हणून दोन-दोन प्लेटा मागवत जा, चार एकदम नाही.

चौघांना दोन प्लेट बोंबील, दोन सुरमई तळलेली, एक तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, एक माशाचं कालवण, भात आणि तांदळाच्या भाकऱ्या. एवढ्यात पोट भरतं. कालवण नारळाचं असतं, सावजीसारखा झणका शोधू नका, त्याची गंमत आंबटपणात आहे. शेवटी सोलकढी, कोकम आणि नारळाच्या दुधाची. शाकाहारी दोघांना त्याच मालवणी खानावळीत काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे मिळतात, त्यासाठी ग्रुप फोडायची गरज नाही. तळलेल्या माशांचा वास चालत नसेल तर मात्र त्यांना वेगळी गुजराती थाळी द्या.

वहिनी: पावसाळ्यात गेलं तर?

ताई: जून-जुलै टाळा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बर्फातला माल मिळतो. आणि समुद्र खवळला की घारापुरीच्या लाँचाही थांबतात.

मामा: जेवण तीनला संपलं. पुढे म्युझियम की मरीन ड्राइव्ह, एकच धर.

भाऊजी: माझं मत मरीन ड्राइव्ह. म्युझियमला दीड तास अपुरा पडतो, जेवून गेल्यावर डोळे मिटतात. बाहेरून घुमट बघा आणि ओव्हल मैदानावरून चालत जा. तिथे राजाबाई टॉवर दिसतो, ८५ मीटरचा. मग चर्चगेटसमोरच्या कठड्यावर बसा.

आता थंडी आहे, सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. तो बघून चर्चगेटहून चालत सीएसएमटीला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. टॅक्सी करू नका, त्या वेळी रस्ते तुंबलेले असतात. एक अट, पावणेसहाला दोघांनी पुढे जाऊन क्लोकरूमच्या रांगेत लागायचं. उन्हाळ्यात मात्र सूर्य सात वाजून गेल्यावर बुडतो, तेव्हा सूर्यास्ताचा मोह ठेवायचा नाही.

वहिनी: ऊन कसं आहे तिकडे?

भाऊजी: पारा कमी, पण हवा दमट. आपल्याकडे घाम वाळतो, तिथे वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही आणि थकवा लवकर येतो. दर तासाला थोडं पाणी, मधे एकदा मीठ-साखरेचं. सुती शर्ट, एक जादा बनियन, आणि आपला शेला सोबत असू द्या.

ताई: रात्रीच्या डब्याचं राहिलं. गाडीत मासे नेऊ नका, वास सुटतो आणि बोगीतल्या लोकांना त्रास होतो. वडापाव नेला तर ओली चटणी वेगळ्या डबीत घ्या, नाही तर पाव दोन तासांत भिजतो. घरी आणायला मावा केक आणि खारी. खारी वरच्या बर्थवर ठेवा, खाली ठेवली की चुरा होतो. आइस हलवा पातळ कागदाच्या थरांत असतो, आठ दिवस टिकतो, आईसाठी तोच आण.

दादा: ठरलं. घारापुरी, मासे, ओव्हल, मरीन ड्राइव्ह. म्युझियम राहू दे. सँडल अन् कुलपं आजच घेतो.

काकाजी: कुलपाच्या किल्ल्या दोघाजवळ ठेवजा बाबू, एकाच जवळ नको. अन् नावेतून न्हावा-शेवाचे फोटो मले पाठव.