रिकंबंटच्या ब्रेक आणि गियर वायरी बदलायच्यात, दुकानातली वायर अपुरी पडते

कासवाट (सातारा): नमस्कार मंडळी. शॉर्ट व्हीलबेस (दोन चाकांतलं अंतर कमी असलेली) रिकंबंट आहे, म्हणजे मागे रेलून, पाय पुढे करून चालवायची सायकल. हँडल छातीसमोर, मागे शिमानो ८ गियर, बार-एंड शिफ्टर (हँडलच्या टोकाला बसणारा गियर बदलायचा दांडा), दोन्हीकडे व्ही-ब्रेक (दोन उभ्या दांड्यांनी रिम पकडणारे). पावसाळा संपल्यापासून गियर मोठ्या चकतीवर व्यवस्थित चढतो, पण लहान चकतीवर उतरताना अडकतो आणि दोन-तीन पायडल मारल्यावर धाडकन पडतो. मागच्या ब्रेकचं लिव्हर तर जवळजवळ हँडलला टेकतं. गावात २ मीटरची वायर मिळते, ती सीटच्या मागेच संपते. मोपेडची क्लच वायर घालून बघा, असंही एकाने सुचवलं. काय आणि किती मागवू?

पाना-पक्कड: क्लच वायर अजिबात नको. ती जाड असते, सायकलच्या आउटरमधल्या (वायरीवरच्या नळीसारख्या आवरणातल्या) अस्तरात मोकळी फिरत नाही आणि निप्पलही (वायरीच्या टोकाचं डोकं) लिव्हरच्या खाचेत बसत नाही.

चढताना वायर तुम्ही शिफ्टरने ओढता. उतरताना तिला मागे खेचणारी फक्त डिरेलरची (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाची) स्प्रिंग असते. चढतो पण उतरत नाही म्हणजे वायर आउटरमध्ये घासतेय. जुनी वायर बाहेर काढून फरशीवर सरळ ठेवा आणि तपकिरी पट्टा कुठे आहे ते निप्पलपासून मोजा. बहुतेक तो सीटखाली निघेल. तिथे आउटर खाली झोल खाऊन परत वर चढतो, त्यामुळे पावसाचं पाणी त्या खळग्यात साचून राहतं. नुसती वायर बदलून चार दिवस बरं चालेल, आउटरही बदला.

मागवताना टँडेमच्या, म्हणजे दोघांच्या सायकलीच्या वायरी सांगा. गियरची १.१ किंवा १.२ मिमी, ३ मीटर किंवा जास्त. ब्रेकची १.५ किंवा १.६ मिमी, ३.५ मीटरच्या आसपास. दोन्ही स्टेनलेस. ब्रेकचा निप्पल आडव्या ड्रमसारखा हवा. रोड सायकलच्या लिव्हरचा नासपतीसारखा असतो, तो तुमच्या लिव्हरमध्ये बसणार नाही. आउटर गियरसाठी ४ मिमी, ब्रेकसाठी ५ मिमी, प्रत्येकी ३ मीटर. आउटरच्या टोकांना लावायच्या टोप्या आठ-दहा जास्तच घ्या.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, गियरचा आउटर ब्रेकला लावू नका. गियरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात, त्यामुळे तो दबत नाही आणि क्लिक नेमकी बसते. पण ब्रेकच्या जोरापुढे त्या तारा प्लॅस्टिक फाडून बाहेर येतात. यवतेश्वर घाट उतरताना हे झालं तर मागचा ब्रेक उरणारच नाही. ब्रेकच्या आउटरमध्ये तार गुंडाळलेली असते, ती जोर सहन करते. उलटी अदलाबदलही चालत नाही: ब्रेकचा आउटर गियरला लावला तर तो दबतो आणि गियर चुकतात. शिमानोच्या ८ गियरला एका क्लिकला साधारण २.८ मिमी वायर सरकते आणि डिरेलर त्याच्या १.७ पट हलतो. अर्धा मिमी दबला तरी चेन बाजूच्या चकतीला घासायला लागते.

कृष्णाकाठ (सांगली): वरचं सगळं बरोबर. कापण्याबद्दल सांगतो, कारण निम्मी कामं तिथेच बिघडतात. जुना आउटर फेकू नका, त्यावर माप धरा. पण कापण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा. कुठेही ताण यायला नको आणि आउटर आयडलर (लांब चेनला वाट दाखवणारी मधली चकती) किंवा परतीच्या चेनपाशी जायला नको. डिरेलरजवळचा शेवटचा वळसा ऐसपैस ठेवा. तो आखूड झाला की तिथेच मोडतो.

पक्कडीने कापू नका, तोंड चेपतं. केबल कटरच वापरा आणि कापताना आत जुन्या वायरीचा तुकडा असू द्या. मग टोक कानसीने सपाट करा आणि चेपलेलं अस्तर टोच्याने गोल उघडा. टोक तिरकं राहिलं तर टोपीत नीट टेकत नाही आणि दर आठवड्याला गियर लावत बसावं लागतं. फ्रेमला वायरीचे थांबे असतील तर सरळ भागात आउटर काढून वायर उघडी जाऊ द्या. आउटर कमी तेवढी घासणी कमी.

ब्रेकजवळचं नूडल, म्हणजे वायर वळवणारी वाकडी धातूची नळी, तीही तपासा, आतलं अस्तर झिजलेलं असेल तर तीही बदला. लिव्हर हँडलला टेकायला नुसती वायर नाही, झिजलेले ब्रेक शूही कारण असतात.

कासवाट: खूप आभार दोघांचे. अजून दोन प्रश्न. आउटरमध्ये ग्रीस भरू का? आणि टँडेमची वायर यायला वेळ लागला तर दोन वायरी जोडून चालेल का?

पाना-पक्कड: घट्ट ग्रीस नको, अस्तरात चिकट होतं आणि तुमचं आत्ताचंच दुखणं परत येतं. वायरीवर पातळ तेलाचं बोट फिरवा, बस. सीटखालचा झोल कमी करा, आणि आउटरचं तोंड वर असेल तिथे रबरी झाकणाची टोपी लावा. ब्रेकची वायर कधीही जोडायची नाही, वाट बघा आणि तोवर घाटात जाऊ नका.

कृष्णाकाठ: बसवताना शिफ्टर सर्वात लहान चकतीच्या स्थितीत ठेवा, तेव्हाच वायरीचं डोकं नीट आत बसतं. बॅरल (वायरीचा ताण कमी-जास्त करायचा फिरता स्क्रू) पूर्ण आत फिरवून एक फेरा बाहेर घ्या, वायर हाताने ताणून नट ६ ते ७ न्यूटन-मीटरला आवळा. मग ब्रेकचं लिव्हर दहा-पंधरा वेळा जोरात दाबा. वायर काही ताणली जात नाही, आउटरची टोकं टोप्यांत बसतात. त्यानंतर वायर पुन्हा ओढून घ्या. दोन्ही बाजूंचं मिळून शू आणि रिममध्ये २ मिमी अंतर पुरे. मोठ्या चकतीवर चढायला वेळ लागला तर बॅरल घड्याळाच्या उलट पाव फेरा, उतरायला लागला तर सुलट. उरलेली वायर पाच सेंटिमीटर ठेवून कापा आणि तिच्या टोकावर लगेच टोपी दाबा, नाहीतर तारा विस्कटतात आणि ती वायर परत आउटरमध्ये घालता येत नाही.